चोरीची तुळई

मी एक जुनी तुळई आहे, मित्रांनो, आणि मी चोरीची आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला फसवल्यासारखे वाटायला नको. मुरबाडच्या पूर्वेला, डोंगराच्या पोटाशी बेहेडपाडा नावाचे खेडे आहे. तिथल्या बोर्डाच्या शाळेत मी दोन भिंतींवर आडवी पडून गेली चौदा वर्षे छप्पर तोलते आहे. पाटीवरून मान वर केलीत तर मी दिसेन. माझ्या पोटावर मधोमध एक गोल शिक्का ठोकलेला आहे. त्याच्यापासून हातभर अंतरावर एक खाच आहे. शिक्क्याची हकिकत गावात सगळे सांगतात. खाचेचीही सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती कोणी सांगत नाही. म्हणून मला तोंड उघडावे लागले.

मी जातीची सागवान. नवसू नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर वाढले. त्याच्या आजाने मला रोपटे असताना गुरांपासून राखले होते, आणि नवसू लहानपणी माझ्या सावलीत भाकरी खात असे. बांध नवसूचा, माती नवसूची, राखण त्याच्या आजाची. पण साग मात्र सरकारचा. आमच्या मुलखात तसा कायदाच होता. साग कुठेही उगवो, अंगणात उगवो की चुलीमागे उगवो, तो सरकारचा. मला स्वतःला हे बरीच वर्षे माहीत नव्हते. झाडाला कोण सांगणार?

त्या वेळी बेहेडपाड्याच्या शाळेत सावळाराम मास्तर होते. ते शहापूरजवळच्या सापगावचे. अंगाने किरकोळ, कोट एकच, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या पोराला वाटावे, हे आपल्याशीच बोलताहेत. चिंचोके मांडून ते हिशेब शिकवीत आणि शंभरापर्यंतचे आकडे ओवीच्या चालीवर म्हणून घेत. नवसूची मुलगी गोजर ही त्या शाळेतली पहिली मुलगी. तिची आई गिरजा तिला पाठवायला तयार नव्हती. "ती शाळंत बसली तं शेळी कोन राखंल?" असे तिने विचारले. मास्तर म्हणाले, "शेळीपण आण." मग गोजर शेळी घेऊन येऊ लागली. शेळी ओसरीच्या खांबाला बांधलेली असे, आणि हजेरीच्या वेळी गोजरचे नाव घेतले की तिच्यामागून पोरे शेळीच्या वतीनेही "हजर" म्हणत. मास्तर त्यांना रागावत नसत. माझ्या मते त्यांनाही ती हजेरी आवडत असावी.

हे सगळे मी पुढे ऐकले. मी तिथे आले त्याचे कारण असे की माझ्या आधीची तुळई वाळवीने पोखरली होती. मास्तरांनी बोर्डाला तीन अर्ज केले. तिसऱ्या अर्जाला उत्तर आले की पुढील वर्षी विचार होईल. पण वाळवी पुढील वर्षापर्यंत थांबणारी नव्हती. एका दुपारी कडकड आवाज झाला, आणि गोजर जिथे बसत असे तिथे चार कौले येऊन पडली. नशीब, ती तेव्हा शेळीला पाणी पाजायला बाहेर गेली होती. त्या दिवसापासून मास्तर पोरांना बाहेर बेहेड्याच्या झाडाखाली घेऊन बसू लागले.

तेव्हा नवसू त्यांच्याकडे आला. "मास्तर, माज्या बांधाला साग हाय. एका तुळईचा हाय, सरळसोट."

"तो सरकारचा रे, नवसू."

"शाळा कोनाची? सरकारची. साग कोनाचा? सरकारचा. आमी नुसता उचलून हिकडचा तिकडं ठेवायचा."

मास्तर हसले. त्यांना कायदा माहीत होता, हे मी लपवणार नाही. पण समोर चार फुटकी कौले पडलेली होती, आणि ती त्यांनी दोन दिवस उचललीही नव्हती. त्यांनी मान डोलावली.

कुऱ्हाड लागली तेव्हा दुखले. पण बारा जणांनी मला खांद्यावर घेतले, वाटेत बायांनी माझ्यावर हळदकुंकू टाकले, आणि पोरे पुढे उड्या मारत चालली, तेव्हा मला आनंद झाला हेही खरे आहे. बांधावरचे झाड एका घराला सावली देते. मी आता चाळीस पोरांच्या डोक्यावर असणार होते. सागाचे लाकूड वाकत नाही, मोडत नाही, त्याला वाळवी लागत नाही, असे नवसू भिंतीवर बसून सगळ्यांना सांगत होता. मी ते ऐकून फुशारले होते.

आठ दिवसांत जंगलखात्याचा गार्ड आला. त्याने शिडी मागितली, वर चढला आणि हातोड्याने माझ्या पोटावर जप्तीचा शिक्का ठोकला. "कोनी तोडला?" त्याने विचारले. सगळे वर माझ्याकडेच बघू लागले. "बाजाराच्या दिवशी कचेरीत नाव पायजे," असे बजावून तो गेला.

आता इथे तुम्हांला बेहेडपाड्याची एक रीत सांगितली पाहिजे. त्या गावात जंगलकेस पाळीने घेत. लाकूड कोणीही तोडलेले असो, गार्डाला नाव द्यायचे ते ज्या घराची पाळी असेल त्या घराचे. तो माणूस बाजाराच्या दिवशी कचेरीतल्या फौजदारी कोर्टापुढे उभा राहायचा, "व्हय सायेब, मीच" म्हणायचा, दंड गावाने जमवून दिलेलाच असायचा, आणि येताना तो मीठमिरची घेऊन यायचा. एकाच माणसाच्या नावावर तीन केसी झाल्या की मात्र तुरुंग. म्हणून पाळी. यात लाज कोणालाच वाटत नसे. बेहेडपाड्यात जंगलकेस ही सर्दीपडशासारखी गोष्ट होती. ती झाली नाही असा बाप्या गावात नव्हता.

त्या संध्याकाळी गाव माझ्याखालीच जमले. नवसूच्या नावावर आधीच दोन केसी होत्या. तिसरी घेतली तर ऐन भातझोडणीत तो तुरुंगात जाणार. पाळी लखमाच्या घराची होती, पण लखमा तापाने पडला होता. जयराम पाटील डोके खाजवत बसले.

मग सावळाराम मास्तर म्हणाले, "लाकूड शाळेचं आहे. तेव्हा पाळी शाळेची. माझं नाव द्या."

पाटील म्हणाले, "तुमी कशाला, मास्तर? तुमी पावने."

"पाच वर्षं झाली. अजून पाहुणाच का मी?"

 पाटलांचे डोळे भरून आले, आणि मग सगळे हसायला लागले. कोणाच्या मनात तेव्हा पुढचे काही आले नाही, माझ्याही आले नाही.

बाजाराच्या दिवशी मास्तर कचेरीत उभे राहिले आणि "मीच तोडला" म्हणाले. नवसू दाराशी होता. त्याने येऊन सांगितले की साहेबाने मान वर करून मास्तरांच्या कोटाकडे दोनदा पाहिले, आणि मग निकाल लिहिला. दुपारपर्यंत सगळे आटोपले. गार्डाने मला सोडून दिले, शिक्का तेवढा राहिला. पौषात म्हशाच्या जत्रेला गावच्या गाड्या निघाल्या, तेव्हा पहिल्या गाडीत पाटलांच्या शेजारी मास्तरांना बसवले. त्याआधी ते मागच्या गाडीत, पेंढ्यावर बसत. जत्रेहून आल्यावर त्यांनी पोरांना हे तीन वेळा सांगितले. इतका आनंद मी त्यांच्या आवाजात पुन्हा ऐकला नाही.

दोन वर्षे अशी गेली. गोजर तिसरीत गेली आणि मोठ्याने वाचू लागली. तिला मास्तरीण व्हायचे होते. "मास्तरीण व्हायला किती इयत्ता लागतात?" असे ती महिन्यातून एकदा विचारी, जणू मधल्या काळात एखादी कमी झाली असेल.

मग बोर्डाचा एक छापील कागद आला. दुसऱ्या कुठल्याशा तालुक्यात एका मास्तराने लेकरांशी फार वाईट वर्तन केले होते. तो आधी एकदा तुरुंगात जाऊन आलेला होता, हे कोणी पाहिलेच नव्हते. म्हणून नियम झाला की फौजदारी कोर्टात ज्याचा गुन्हा शाबीत झाला असेल, त्याला मुलांच्या शाळेत ठेवायचे नाही. प्रत्येक मास्तराने आपल्याबद्दल खरे काय ते आपल्या हाताने लिहून द्यायचे.

मास्तरांनी तो कागद जयराम पाटलांना वाचून दाखवला. "बरोबर आहे, पाटील," ते म्हणाले. "असला नियम आधीच हवा होता. कुंपणानंच शेत खाल्लं तर पोरांनी दाद कोणाकडं मागायची?"

पाटील म्हणाले, "पन तुमच्यावर ती सागाची केस हाय ना?"

"ती होय?" मास्तरांनी वर माझ्याकडे पाहिले आणि दोघेही हसले.

"जंगलकेस कोन धरतो?" पाटील म्हणाले. "तसं असंल तं सगल्या तालुक्याला तुरुंगात घालावं लागंल."

मास्तरांनी दौत पुढे ओढली आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिले: सन १९३४, साग एक, शाळेच्या छपराकरिता. कोणी विचारले नसते तरी त्यांनी ते लिहिले असते, असे मला वाटते. सात वर्षे त्या गावात राहून, दोन वर्षे पहिल्या गाडीत बसून, तेही जंगलकेसीकडे बेहेडपाड्याच्या डोळ्यांनी बघू लागले होते. चूक झाली ती इथे.

महिन्याभराने चपराशी लखोटा घेऊन आला. मास्तर तेव्हा पावकीचा पाढा शिकवत होते. त्यांनी लखोटा फोडला, कागद वाचला, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला, आणि पावकी शेवटपर्यंत म्हणून घेतली. मग हजेरीचे पुस्तक आणि किल्ली टेबलावर ठेवून ते म्हणाले, "आज शाळा लवकर सुटेल."

गाव धावत आले. नवसू म्हणाला, "मी जातो कचेरीत. मी सांगतो, मीच तोडला. तिसरी केस तं तिसरी!" तो खरोखर गेला. बोर्डाच्या कारकुनाने त्याला परत पाठवले. कारकून म्हणाला, शाबीत झालेला गुन्हा असा दुसऱ्याच्या अंगावर टाकता येत नाही. जंगलखात्याच्या रेंजरसाहेबापुढे माफीचा कागद लिहून देऊन प्रकरण तिथेच मिटवले असते, तर कोर्टाचा प्रश्नच आला नसता, असेही तो म्हणाला.  रेंजरसाहेबाकडे चार खेपा घालाव्या लागत, आणि कचेरीचे काम बाजार करता करता एका सकाळी होई. त्यामुळे माफीचा कागद बेहेडपाड्यात कोणी कधी लिहिलाच नव्हता.

मित्रांनो, मी पुष्कळ विचार केला आहे. मला दुसरे काम नाही. नियम वाईट नव्हता. मास्तर स्वतः त्याला बरोबर म्हणाले होते. पण नियमाला डोळे नव्हते. त्याला साग दिसला, सागाखालची पोरे दिसली नाहीत.

सावळाराम मास्तर निघाले तेव्हा गोजर शेळी घेऊन ओढ्यापर्यंत गेली. येऊन तिने कमळला, आपल्या शेजारच्या मैत्रिणीला, सांगितले ते मी ऐकले. "मी इचारलं, पुन्ना कधी येनार? त्ये म्हनले, कागद आला की." गोजरला ते वचन वाटले. ती रोज चपराशाची वाट बघे. मास्तर आसनगावला गेले आणि स्टेशनाजवळच्या एका लाकडाच्या वखारीत ओंडके मोजायच्या कामाला लागले.

त्यांच्या जागी अनंतराव मास्तर आले. त्यांचा कागद स्वच्छ होता. पोलिसांचा शिक्का, खाली सही, आणि मजकूर: वर्तन निष्कलंक. ते दिसायलाही नीटनेटके होते. त्यांनी अंगणात झेंडू लावले, भिंती सारवून घेतल्या, आणि कमळच्या बापाला मुद्दाम बोलावून सांगितले की तुमची मुलगी हुशार आहे. मी तेही सांगते, कारण मला खोटे सांगायचे नाही. पण पोर चुकले की त्यांच्या अंगात काहीतरी शिरे. मग समोर पोर आहे हे त्यांना दिसत नसे.

त्या चैत्रात मोहाची फुले पडू लागली. मोह पडला की आमच्याकडे पोरे पहाटेपासून रानात असतात. वर्षाची ती बेगमी असते. सावळाराम मास्तर त्या दिवसांत शाळा उशिरा भरवीत. अनंतरावांनी तसे केले नाही. डिपोटीसाहेब तपासणीला येणार होते आणि हजेरी निम्म्यावर आली होती. चार दिवसांनी पोरे परत आली. त्यांच्यात गोजर होती, कारण तिने त्या चार दिवसांत घरच्या वाट्याची फुले वेचून संपवली होती, आता सलग शाळेत येता यावे म्हणून.

अनंतराव म्हणाले, "तू यांची पुढारी."

त्यांनी विहिरीचा दोर आणवला. तो माझ्यावरून टाकला. गोजरची दोन्ही मनगटे बांधली आणि दोर ओढला. तिचे पाय जमिनीवरून सुटले. मग त्यांनी सगळ्या पोरांना शंभरापर्यंत मोजायला सांगितले; शंभर झाले की खाली सोडीन, म्हणाले. पोरांनी मोजायला सुरुवात केली. भीतीने त्यांना ओवीची चाल आठवेना. सत्तरच्या पुढे कोणीतरी चुकले. "पहिल्यापासून," अनंतराव म्हणाले. पोरे पुन्हा चुकली. तिसऱ्या खेपेला गोजर वरून स्वतःच मोजू लागली, पोरांना आकडे सांगू लागली. ती चुकली नाही. पण ऐंशीच्या पुढे तिचा आवाज बंद झाला.

आणि मी काय केले? काहीच केले नाही. सागाचे लाकूड मोडत नाही, अशी माझी कीर्ती. वाळवी लागलेली ती जुनी तुळई असती तर कधीच मोडून पडली असती आणि पोर खाली आली असती. मी ताठ राहिले. दोर माझ्या अंगात रुतत गेला. ती खाच तेव्हाची आहे.

गोजरचा उजवा खांदा उतरला होता. गावच्या लडकू वैदूने तो बसवला, पण नीट बसला नाही. तिचा हात पुढे छातीच्या वर गेला नाही, आणि बोटांत पेन्सिल ठरेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवसू कुऱ्हाड घेऊन आला. अनंतराव शाळेला कुलूप लावून पाटलांकडे जाऊन बसले होते. नवसूने कुलूप तोडले, शिडी लावली आणि माझ्या अंगावर कुऱ्हाड उगारली. मारायची होती त्याला कोणाला आणि मारत होता कोणाला! तरी मी मनातल्या मनात म्हणाले, मार. पण जयराम पाटील धावत आले आणि त्याचे पाय धरून ओरडले, "नवसू, शाळा पडंल रे! पोरं कुठं बसतील?"

"कोनाची पोरं?" नवसू म्हणाला. "माजी नाय बसायची." आणि तो शिडीवरच रडायला लागला.

संध्याकाळी पंच बसले. गिरजा पदर डोळ्याला लावून म्हणाली, "त्याला कचेरीत न्या. आमी लाकडासाठी जातो, मंग माज्या पोरीच्या हातासाठी का नाय?"

पाटील खाली बघत म्हणाले, "पोरीची गोष्ट हाय, गिरजा. कचेरीत गेली तं चार गावांत बोभाटा व्हईल. तिचं लगीन व्हायचं हाय. आनि साक्षीला कोन? नवसू. त्याच्या नावावर दोन केसी. सायेब कोनाचं ऐकंल, त्याचं की निष्कलंक मास्तराचं?"

 अनंतरावांनी देवापुढे नारळ फोडला, दोन्ही कान धरले, आणि ते प्रकरण मिटले. जे कचेरीत न्यायला नको होते ते याच गावाने हसत नेले होते, आणि हे मात्र नारळावर सोडून दिले. ते वाईट लोक नव्हते. त्यांनी मुलीचे भले पाहिले, म्हणजे त्यांना ते भले वाटले. पुन्हा दोर कधी माझ्यावर आला नाही. अनंतरावांनी छडी आणली.

पुढच्या वर्षी आशेचा एक किरण दिसला. नवे मंत्री आले होते, आणि स्वराज्याच्या चळवळीत शिक्षा झालेल्या मास्तरांना परत घ्यावे असा हुकूम निघाल्याचे पाटलांच्या कानावर आले. पाटील आणि नवसू आसनगावला गेले. "तुमी सत्याग्रहात साग तोडला असं लिवा," पाटील म्हणाले. "आमी सगले साक्ष देतो." सावळाराम मास्तरांनी नाही म्हटले. मग नवसूने त्यांना गोजरच्या हाताचे सांगितले. मास्तरांना तोवर ते कोणी कळवले नव्हते.

ते आले. माझ्याखाली बसून त्यांनी अर्ज लिहिला. रविवार होता, शाळा रिकामी होती. गोजर दाराशी उभी होती, उजवा हात डाव्या हाताने धरून. मास्तरांनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि मग लिहिताना मान वर केली नाही. त्यांचे अक्षर त्या दिवशी मोत्यासारखे नव्हते. त्यांनी जन्मात लिहिलेले ते एकच खोटे असेल.

बोर्डाच्या कारकुनाने निकालाची नक्कल काढली. त्यावर तारीख होती. चळवळ त्याआधीच थंडावली होती. त्यावर शब्द होता: चोरी. अर्ज नामंजूर झाला, आणि खाली शेरा पडला की अर्जदाराने खोटी हकिकत लिहून दिली. आधी मास्तरांच्या नावापुढे एक डाग होता, आता दोन झाले. पहिला त्यांचा नव्हता. दुसरा त्यांचाच होता, आणि तो त्यांना फार लागला, असे नवसू सांगे. त्यानंतर ते गावाकडे फिरकले नाहीत.

मग लढाई सुरू झाली. आमच्या डोंगरावरचे साग सरकारने ठेकेदाराला दिले. रोज गाड्या भरभरून आसनगावला जात, आणि तिथे सावळाराम मास्तर ओंडके मोजून मालडब्यांत चढवीत. एक अख्खा डोंगर उघडा पडला. त्याचा शिक्का कोणाच्या नावावर पडला नाही, कारण ते सरकारचेच सरकारने नेले. नवसू एकदा ओसरीत बसून म्हणाला, "हिकडचा तिकडं ठेवला, दुसरं काय!" कोणी हसले नाही.

गोजरचे लग्न झाले. ती शेजारच्या पाड्यावर दिली.

मागच्या वर्षी श्रावणात स्वराज्य आले. शाळेवर झेंडा लागला, पोरांना साखर वाटली. अनंतरावांना उत्तम आणि निष्कलंक नोकरीबद्दल बोर्डाने प्रशस्तिपत्र दिले होते. ते त्यांनी चौकटीत घालून माझ्याखालच्या भिंतीवर लावले. त्या दिवशी गर्दीच्या मागे मला सावळाराम मास्तर दिसले. तोच कोट, केस पांढरे. सगळे गेल्यावर ते ओसरीपर्यंत आले. उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकले नाही. नियम होता ना! तिथूनच त्यांनी मान वर करून माझा शिक्का पाहिला, आणि मग खाच पाहिली. बराच वेळ पाहिली.

गोजर आली होती. डाव्या हाताला तिची मुलगी होती, भिमी नावाची, पाचसहा वर्षांची. गोजर वाकून मास्तरांच्या पाया पडली, एका हाताने.  मास्तरांनी भिमीला विचारले, "मोजता येतं का गो?"

भिमीने शंभरापर्यंत मोजून दाखवले, ओवीच्या चालीवर. एकदाही चुकली नाही.

"कोणी शिकवलं?"

"आयनं."

मास्तरांचा चेहरा उजळला. "हिला शाळेत घाल, गोजर," ते म्हणाले. "आता आपलं राज्य आहे. ही मास्तरीण होईल."

गोजरने भिमीला जवळ ओढले आणि ती चार पावले मागे सरली. "नको, मास्तर," ती म्हणाली. "आत ती तुळई हाय."

मित्रांनो, माझ्यावर ऊन पडले आहे, कुऱ्हाड पडली आहे, हातोडा पडला आहे. त्या वाक्याने झाले तसे मला कशानेच झाले नाही. तिच्या डोक्यावर कौले पडू नयेत म्हणून मी आले होते.  मास्तर भिमीच्या डोक्यावर हात ठेवून आसनगावच्या वाटेला लागले, आणि माघात ते वारल्याची बातमी आली.

वस्तूने आपली गोष्ट सांगितली की शेवटी काहीतरी मागायचे असते, म्हणून मागते. मला रंग नको, तेल नको, माझी निगा राखा असेही म्हणत नाही. मी सागवान आहे, मी टिकेन. गेल्या महिन्यात एक साहेब तपासणीला आले होते. त्यांनी मान वर करून माझा शिक्का वाचला, "हे जप्तीचं लाकूड दिसतंय" असे म्हणून वहीत टिपून घेतले, अनंतरावांची चौकट वाचून मान डोलावली, आणि चहा पिऊन ते गेले. खाच त्यांना दिसली नाही. पुन्हा असा कोणी साहेब आला, तर त्याचा हात धरा आणि त्याला खाच दाखवा. शिक्का तो आपणहून बघतो. तुमच्यापैकी कोणी दाखवील असे मला वाटत नाही. गेल्या महिन्यातही तुम्ही सगळे इथेच बसला होतात, हाताची घडी घालून.